झड आणि झडी

(सेनगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मे महिन्यात सेनगावात उभं राहून थंड हवेच्या डोंगरावर बोलायचं म्हणजे उपाशी माणसापुढं पंगतीचं वर्णन करायचं. पण संयोजकांनी विषय दिला आणि मी हो म्हणालो. कारण मी या तालुक्यातल्या वाडीवरचा असलो, तरी शिक्षकाच्या नोकरीतली काही वर्षं मी महाबळेश्वर तालुक्यात काढली आहेत. पर्यटक चार दिवस राहून, मक्याचं कणीस खाऊन परत जातात. मी तिथं पावसाळे काढले. त्या पावसाळ्यांनी मला जे शिकवलं, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मी तिथं रुजू झालो तो उन्हाळ्याचा शेवट होता. ज्या घरात खोली घेतली, त्या घरच्या आजी तिसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, “गुर्जी, झडी बांदायची न्हाय का? पाऊस आला की.” मी बुचकळ्यात पडलो. आपल्याकडं झड म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आभाळ दाटून येतं, तीन-चार दिवस उघडीप नाही, भुरभुर चालूच, वावरात पाय ठेवता येत नाही, तेव्हा आपण म्हणतो, झड लागली. मला वाटलं, झड लागते. ती बांधायची कशी?

मग आजींच्या मुलानं दाखवलं. बांबूच्या कामट्यांमध्ये गवत दाबून विणलेले मोठे पडदे असतात. ते घराच्या भिंतींना बाहेरून, छपरापासून खालपर्यंत बांधायचे. तीच झडी. तिथला पाऊस वरून पडतो त्याहून जास्त आडवा येतो. वारा त्याला भिंतीवर हाणतो. भिंत उघडी ठेवली तर दोन महिन्यांत ती इतकं पाणी पिते की आतून बुरशी धरते, आणि मातीची असेल तर बसते. म्हणून घरालाच घोंगडी पांघरायची. आता पुष्कळ ठिकाणी गवताच्या जागी पत्रे आणि प्लॅस्टिकचे कागद आले, पण मे महिन्यातली ती लगबग अजून आहे.

एकाच मराठीत हे दोन शब्द. आपल्याकडं झड म्हणजे जे आकाशातून येतं ते. त्यांच्याकडं झडी म्हणजे त्याच्यासाठी माणूस जे करून ठेवतो ते. आज मला जे सांगायचं आहे, ते या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

आधी उंचीचा हिशोब करू. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे ते पाचशे मीटरवर बसलो आहोत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि तिथलं सगळ्यांत उंच ठिकाण, विल्सन पॉइंट, 1,438 मीटरवर. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. हवा वर चढली की पसरते आणि पसरली की थंड होते. सर्वसाधारण हिशोब असा की हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात. म्हणजे आपल्यापेक्षा महाबळेश्वर साडेपाच-सहा अंशांनी थंड असायला हवं. पण मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 वर असतो आणि तिथं 32 च्या आसपास. फरक दहा अंशांचा. सहा उंचीचे, मग उरलेले चार कुणाचे? ते समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचे आणि झाडांच्या सावलीचे. उंची आपल्याला आणता येत नाही, समुद्र आणता येत नाही. सावली आणता येते. एवढीच सूचना देऊन पुढं जातो.

उंचीचा पहिला अनुभव मला स्वयंपाकघरात आला. घरून नेलेली तुरीची डाळ पातेल्यात शिजता शिजेना. मी डाळीला दोष दिला, मग पाण्याला दिला. दोष दोघांचाही नव्हता. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी लवकर उकळतं. पण लवकर उकळतं म्हणजे कमी तापून उकळतं. समुद्रकाठी 100 अंशांना, आपल्याकडं 98 च्या जवळपास आणि महाबळेश्वरला 95-96 अंशांना. पाणी खळखळत असतं, पण डाळीला पुरेशी आच मिळत नाही. लेहला साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांनाच उकळतं. म्हणून डोंगरावरच्या घरात कुकर ही चैन नाही, गरज आहे.

आता पावसाकडं येऊ.

महाबळेश्वरचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. आपला आठशे-नऊशेच्या आसपास. हे आकडे ऐकायला सोपे, कल्पना करायला अवघड. म्हणून एका दिवसाचा हिशोब सांगतो. 23 जुलै 2021 ला सकाळी साडेआठला महाबळेश्वरच्या वेधशाळेनं मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला तो 594 मिलिमीटर भरला. आपल्या पूर्ण वर्षाच्या पावसाचे दोन तृतीयांश, एका दिवसात. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,047 लिटर पाणी. म्हणजे त्या दिवशी तिथल्या प्रत्येक एकरावर 24 लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचा टँकर धरा. एका एकरात 240 टँकर. उन्हाळ्यात टँकरमागं कळशी घेऊन धावलेल्या माणसाला हा आकडा लगेच कळतो.

हे एवढं पाणी तिथंच का? अरबी समुद्रावरून निघालेला ओला वारा कोकणातून आला की सह्याद्रीची भिंत आडवी येते. वाऱ्याला वर चढावं लागतं. वर चढला की थंड होतो, आणि थंड हवेत वाफ मावत नाही. डोंगराच्या कड्यावर सगळं ओझं उतरवून तो पलीकडं उतरतो, तो रिकामाच. महाबळेश्वरहून एकोणीस किलोमीटर पूर्वेला पाचगणी. तिथं पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईला या, आणखी बारा किलोमीटर. तिथला पाऊस आपल्याच पंक्तीतला. आणखी पुढं माण तालुक्यात जा, तिथं पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात, काही तासांच्या एसटी प्रवासात, सहा हजारांवरून पाचशेवर.

आणि त्या भिंतीच्या पार पूर्वेला आपण. अरबी समुद्राचा वारा आपल्यापर्यंत येतो तो बराचसा उधळून झाल्यावर. म्हणून मराठवाड्याला आस असते ती बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांची. ते पश्चिमेकडं सरकले की आपल्याकडं झड लागते. नाही सरकले की खंड पडतो आणि सोयाबीन माना टाकतं.

तिथल्या पावसाळ्यात माणसं जगतात कशी? बेगमीवर. सरपण कोरडं करून माळ्यावर, तांदूळ-नाचणी कणगीत, मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत. उघडं राहिलं तर चार दिवसांत मिठाचं पाणी. काडेपेटीची काडी ओली होते, पुस्तकाची पानं फुगतात, चपलेवर हिरवी लव उगवते. कपडे तर वाळतच नाहीत. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी टाकायची, आणि सगळ्या घराला धुराचा वास. मी वर्गात शिरलो की पोरांच्या अंगाला तोच वास यायचा. पहिल्या वर्षी मला तो नकोसा वाटला, तिसऱ्या वर्षी माझ्याही सदऱ्याला होता.

शेतात भाताची लावणी करायची ती पाठीवर इरलं घेऊन. बांबूचा सांगाडा आणि पानांचं आच्छादन, डोक्यापासून कमरेपर्यंत. छत्री तिथं कामाची नाही. एक तर वारा ती उलटी करतो, आणि दुसरं म्हणजे लावणीला दोन्ही हात लागतात. उताराच्या जमिनीवर नाचणी आणि वरी. नाचणीचं पीक आपल्या ज्वारीसारखंच गरिबाला सांभाळणारं, पण तिला आपल्यासारखी खोल काळी जमीन लागत नाही.

त्या भागातली एक रीत मला फार शहाणपणाची वाटली. आपल्याकडं शाळेला लांब सुट्टी उन्हाळ्याची. सातारा जिल्ह्यातल्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात काही शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात लांब सुट्टी देतात. ओढे भरलेले, साकव वाहून जाण्याच्या बेतात, दाट धुकं. पोराला शाळेत पाठवून आई दिवसभर दारात उभी राहणार. मे महिन्यात मात्र तिथं शिकवण्याजोगी हवा. वेळापत्रक हवामानानं ठरवलं, मुंबईत बसलेल्या माणसानं नाही.

मुंबईत बसलेल्या माणसांना तो डोंगर वेगळाच दिसला. 1824 मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी वर चढला. 1828 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमनं तिथं वसाहत उभी केली, म्हणून तिचं नाव माल्कम पेठ. पुढं मुंबई सरकार उन्हाळ्यात वर जाऊन बसायचं आणि पावसाळा तोंडावर आला की चंबूगबाळं आवरून खाली उतरायचं. त्यांना डोंगर माहीत होता तो अडीच महिन्यांचा. 1834 पासून तीसएक वर्षं तिथं चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते. रस्ते त्यांनी केले, बटाटा आणि इतर भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले. गव्हर्नराच्या नावानं पॉइंट आहेत. कैद्यांच्या नावानं पॉइंट नाही. झडी बांधणाऱ्या आजींच्या नावानंही नाही.

इंग्रजांनी आणलेलं एक रोप मात्र राहिलं आणि आज हजारो घरं चालवतं. स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीलाही ते मिळालं आहे, म्हणून त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. पण स्ट्रॉबेरीची गंमत ऐका. ज्या पावसाची एवढी कीर्ती, तोच पाऊस या रोपाला मारक. म्हणून पावसाळ्यात रोपं वाढवायची ती पाऊस कमी असलेल्या खालच्या गावांत किंवा आच्छादनाखाली. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावायची. आणि पुढं पाणी द्यायचं ते ठिबकनं, थेंब थेंब मोजून. जिथं सहा मीटर पाऊस पडतो तिथं ठिबक! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. शेतकरी मला म्हणाला, “गुर्जी, पाऊस गेला की आमच्याकडं काय ऱ्हातंय?”

त्याच्या या प्रश्नापाशी थोड्या वेळानं परत येतो. आधी हिवाळा उरकतो, कारण त्यात आपल्यालाही भाग आहे.

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात बातमी येते: वेण्णा तलावावर हिमकण. तलावाच्या जेटीवर, गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर. लोकांना वाटतं, उंच म्हणून थंड. तसं असतं तर सगळ्यांत उंच विल्सन पॉइंटवर दव गोठायला हवं. गोठतं ते खोलगट भागातल्या तलावाकाठी, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात. कारण थंड हवा जड असते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि पाण्यासारखी उतारानं वाहत खोलगट जागी साचते. कडा कोमट राहतो, खळगा गोठतो.

आता आपल्याकडं पाहा. काही हिवाळ्यांत परभणीचा पारा महाबळेश्वरच्याही खाली जातो. तेव्हा लोक म्हणतात, हे कसं काय? त्याचं उत्तर हेच. आपण सपाटीवर, कोरड्या हवेत, उघड्या आभाळाखाली. ऊब अडवायला वर ढग नाही आणि गार हवा वाहून जायला उतार नाही. तुरीच्या फुलावर धुई पडते, फूल गळतं. त्या रात्री आपण आणि वेण्णाकाठचा स्ट्रॉबेरीवाला एकाच काळजीनं जागे असतो.

आता त्या प्रश्नाकडं. पाऊस गेला की काय राहतं?

एप्रिल-मे मध्ये त्या डोंगरावरच्या वाड्यांत मी बायकांना हंडे घेऊन चालताना पाहिलं आहे. आपल्या आयाबहिणींसारखंच. डोक्यावर तीच दोन हंड्यांची उतरंड, फक्त वाट चढाची. जिथं वर्षाला सहा मीटर पाऊस, तिथं मे महिन्यात पाण्यासाठी वणवण. मेघालयातलं चेरापुंजी तर जगात पावसासाठी प्रसिद्ध, आणि हिवाळ्यात तिथंही पाण्याची ओढ. पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला महाबळेश्वरनं शिकवलं. सेनगावात राहून मला वाटायचं, पाऊस जास्त पडला की प्रश्न मिटला.

उतार पाण्याला थांबू देत नाही. काही पाणी पश्चिमेकडं सावित्रीतून अरबी समुद्रात, काही पूर्वेकडं कृष्णा, वेण्णा, कोयनेतून बंगालच्या उपसागराकडं. जे थोडं थांबतं, ते दगडामुळं. तुम्ही म्हणाल, दगडामुळं कसं? सह्याद्री आणि आपली ही जमीन एकाच घरातली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचाच तिथं कडा झाला आणि झिजून आपल्याकडं काळी माती. पण महाबळेश्वरच्या पठारावर त्या काळ्या दगडावर एक टोपी आहे, जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो. त्याच्या खाली चिकण थर, तो पाणी पिऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकत कड्याला येतं आणि झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारी धार हात लावून पाहिली, तेव्हा मला वाटलं, हा चमत्कार नाही. हे साठवण आहे. जांभ्यानं पावसाळ्यात भरून घेतलं आणि उन्हाळ्यात जपून सोडलं. जिथं वर जंगल राखलं आहे, तिथं ही धार टिकते. जिथं पठारावर सिमेंट झालं, तिथं पाऊस आत मुरायच्या आधीच कड्यावरून खाली जातो.

दगड भरून घेतो, पण त्यालाही मर्यादा असते. मघाशी मी 2021 च्या जुलैची गोष्ट सांगितली. त्याच दिवसांत डोंगराच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्यांवरही माती आली. मुरमाड उतार पाण्यानं भरला, जड झाला आणि सुटला. डोंगरावरच्या माणसाला पाऊस हवा असतो, पण तो मुरण्याच्या गतीनं. आपल्याकडं पाऊस कमी म्हणून रडायचं, त्यांच्याकडं एकदम म्हणून. मुळात तक्रार एकच आहे, पाणी न थांबण्याची.

याच्या अगदी उलट टोकाला लडाख आहे. लेह महाबळेश्वरच्या अडीचपट उंच, पण वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास. कारण ते हिमालयाच्या मागं, जसे आपण सह्याद्रीच्या मागं. तिथंही बर्फ वितळून पाणी येतं ते उशिरा. पेरणीला लागतं एप्रिल-मे मध्ये. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी नळीनं उंचावरून आणून फवारलं, ते गोठवून शंकूसारखा स्तूप केला. उन्हाळ्याच्या तोंडावर तो हळूहळू वितळतो. सहा हजार मिलिमीटरचं महाबळेश्वर असो की शंभरचं लेह, शहाणा माणूस एकच काम करतो. एका ऋतूचं पाणी दुसऱ्या ऋतूच्या हाती देतो.

आता आपल्या दारात येऊ. आपली कयाधू रिसोडच्या बाजूनं येते, सेनगाव तालुक्यातून वाहते, नामदेव महाराजांच्या नर्सीवरून हिंगोलीकडं जाते. भाद्रपदात काठोकाठ आणि चैत्रात वाळू. आपल्याकडं जांभ्याची टोपी नाही. काळी माती पाणी धरते, पण भेगाळून सोडूनही देते. खालचा काळा पाषाण फटीफटीतून मुरवतो, तेही थोडं. म्हणजे जे काम तिथं दगड करतो, ते आपल्याकडं माणसालाच करायला लागणार.

आणि पाऊस कमी आहे, ही तक्रार जरा आकड्यानं तपासू. 850 मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की साडेचौतीस लाख लिटर पाणी होतं. सरकारी हिशोबानं खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला वर्षाला एक लाख लिटर. म्हणजे एका एकरावरचा पाऊस 34 घरांना वर्षभर पिण्या-वापरण्याला पुरेल. सगळं पाणी अडणार नाही, पिकाला लागणार, उन्हात उडणार, हे मान्य. दहावा हिस्सा जरी अडला तरी तीन घरं. तुम्ही बांध, नाला, विहीर, गावतळं, शेततळं काहीही म्हणा. मी त्याला आजींचा शब्द वापरतो. झडी.

या डोंगराशी आपलं नातं फक्त व्याख्यानापुरतं नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना पुढं धरणात अडवली, तिचं पाणी बोगद्यातून कोकणात सोडून 1,960 मेगावॅट विजेची व्यवस्था केली आहे. ती वीज राज्याच्या जाळ्यात येते, त्याच जाळ्यावर हा माइक चालू आहे. कृष्णेच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. आणि दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून माणसं ट्रकमध्ये भांडीकुंडी, लेकरं घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांतली काही त्या खोऱ्यातही जातात. वर पडलेला पाऊस त्यांना तिथं भेटतो, उसाच्या रूपानं, कोयत्याच्या पात्यापुढं. आपलं पाणी आपल्याकडं थांबलं नाही म्हणून आपली माणसं दुसऱ्याच्या थांबलेल्या पाण्याकडं चालत जातात. हे मी कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. मी माझ्या वर्गात हजेरी घेताना दिवाळीनंतर जे बाक रिकामे पाहिले, त्यांच्या आठवणीनं सांगतो.

मी बदली होऊन परत निघालो तोही मे महिनाच होता. सामान बांधून झालं होतं. आजी ओट्यावर गवत निवडत होत्या, पुढच्या झडीसाठी. वय झालेलं, कंबर वाकलेली, पण हात सफाईदार. मी निरोप घ्यायला वाकलो तर म्हणाल्या, “तुमच्याकडं पाऊस कमी, मग झडी लागत नसंल?” मी म्हणालो, नाही लागत. त्या हसल्या. त्यांना वाटलं, सुखी आहेत बिचारे.

तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. आज तुमच्यापुढं ते दुरुस्त करतो. मृग नक्षत्र दोन-तीन आठवड्यांवर आलं आहे. उद्या सकाळी उठून आपापल्या वावराच्या बांधावर एक चक्कर मारा, आणि मागच्या वर्षी पाणी कुठून फुटून गेलं ती जागा बघून या.